एक्केचाळीस नंबरची उपासमार

पेशींना रविवार कळत नाही. भूक कळते. म्हणून आचारी गेली सव्वीस वर्षं दर रविवारी सकाळी कामावर जात होता, आणि सव्वीस वर्षं त्याची बायको दारातून तेच एक वाक्य बोलत होती, "जा, तुमची लेकरं वाट बघत असतील."

तो खरा आचारी नव्हता. घरी त्याला चहासुद्धा धड जमत नसे. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, कायम बंद खिडक्यांची एक खोली होती. तिथे माणसांच्या गाठींतून काढलेल्या पेशी काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या बशांमध्ये जगवायच्या, हे त्याचं काम. पेशींचं अन्न तोच बनवायचा. लालसर पाणी, त्यात मीठ, साखर आणि सिरम. सिरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतो तो पिवळट द्रव. पेशींना लागणारी चरबी त्यातूनच मिळते. हे मिश्रण तो कोमट करायचा आणि देण्याआधी एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघायचा.

"काका, थर्मामीटर आहे की," प्रयोगशाळेत पीएचडी करणारी मुलगी म्हणायची. ती जिन्यावरून चालत कधी उतरलीच नव्हती, उड्या मारतच यायची. तिला सगळे घाई म्हणत.

"थर्मामीटरला मनगट नसतं," आचारी म्हणायचा.

तेविसाव्या वर्षी तो इथे बाटल्या धुवायला लागला होता. ती नोकरी त्याच्या मोठ्या भावाने मिळवून दिली. दादा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. या रुग्णालयाची लिफ्ट दर महिन्याला बंद पडायची आणि दर महिन्याला दादा यायचा. एकदा खड्ड्यातून वर डोकं काढून त्याने समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांना विचारलं, "माझा धाकटा रिकामा बसलाय. बाटल्या धुवायला चालेल का? फोडणार नाही." धाकट्याने बाटल्या फोडल्या नाहीत. धुता धुता तो बघत राहिला. सात वर्षांनी, सगळ्यांनी मेला म्हणून सोडून दिलेला एक नमुना त्याने दिवसाआड थोडं थोडं भरवून उभा केला, तेव्हापासून तो आतल्या खोलीत आला आणि आचारी झाला. शिक्षण कमी होतं, पण त्याच्या हाताला यश होतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम बाहेरच्या पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे यंत्रं जुनी आहेत, पण आचारी चांगला आहे."

मॅडमचं काम प्रोस्टेटच्या कर्करोगावर होतं. पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, ती प्रोस्टेट. तिच्यात गाठ झाली की त्या गाठीतल्या बहुतेक पेशी वाढतात आणि मरतात. काही थोड्या मात्र बियाण्यासारख्या असतात. औषधाने पीक जळून जातं, बी जमिनीत राहतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी शेत पुन्हा भरतं. या बियाण्याला मूळपेशी म्हणतात. मॅडमचा संशय असा होता की या मूळपेशींच्या अंगावर चरबी आत घेणारी दारं जास्त असतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल सुटं फिरत नाही. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेल्या बारीक गोळ्यांमधून ते फिरतं. त्या गोळ्यांना लायपोप्रोटीन म्हणतात आणि त्यांना आत घेणाऱ्या दाराला रिसेप्टर. दार बांधण्याचा हुकूम एका जनुकात लिहिलेला असतो. तो हुकूम पेशी किती मोठ्याने वाचते आहे, ते यंत्रावर मोजता येतं. ज्याच्या मूळपेशी फार मोठ्याने वाचतात, त्याची दारं बंद करून बघावीत, असं एक औषध तयार झालं होतं. रुग्णालयात त्याची लहानशी चाचणी सुरू होती. जागा बारा, त्यांतल्या अकरा भरलेल्या. ज्याच्या पेशींचा आकडा नेहमीच्या तिपटीच्या वर, त्यालाच आत घ्यायचं असा नियम.

दादाची लघवी अडली ती या सगळ्याच्या मधोमध.

दुखणं तीन वर्षांचं होतं. इंजेक्शनांनी ते दबलं होतं, मग इंजेक्शनांना जुमानेनासं झालं. रस्ता मोकळा करायला डॉक्टरांनी आतून खरवडून काढलं. हे खरवडलेले तुकडे एरवी फेकूनच देतात, पण रुग्णाची संमती असेल तर ते मागच्या इमारतीत जातात. जाताना नाव दारातच गळतं, आत नुसता नंबर येतो; तो कुणाचा, ते डॉक्टरांकडच्या यादीतच असतं. त्या दिवशी डबा आणणारा माणूस जेवायला गेला होता, म्हणून आचारी स्वतः खाली गेला. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर त्या सकाळचं एकच नाव होतं. बर्फातला डबा त्याने दोन्ही हातांनी उचलला. जिना चढताना त्याला वाटलं, याचं वजन काहीच नाही. वर येऊन झाकणावर त्याने नंबर लिहिला, ४१.

घरच्या माणसाचा नमुना असेल तर हात लावायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा, हा नियम त्याला पाठ होता. त्याने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच्या हातात दहातले नऊ नमुने दुसऱ्या आठवड्यात मरतात, हेही त्याला पाठ होतं. मरू द्यायला काय हरकत होती, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. चांगल्या सवयी माणसाला विचार करू देत नाहीत.

एक्केचाळीस जगला. नुसता जगला नाही, माजला. न चिकटणाऱ्या बशीत मूळपेशी एकत्र येऊन तरंगते गोळे करतात. एक्केचाळीसचे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तुतीच्या फळांसारखे टपोरे दिसत. पहिल्याच आठवड्यात नियमाप्रमाणे त्याने थोड्या पेशी कुप्यांत भरून गोठवून ठेवल्या, मोजणीसाठी. उरलेल्या बशीत वाढत राहिल्या.

"सगळ्यांत झकास पोरगं आहे हो काका हे," घाई म्हणाली. "कुणाचं असेल कोण जाणे. खाऊन पिऊन सुखी घरचं दिसतंय."

आचाऱ्याने डोळा भिंगाला लावून ठेवला.

त्या गुरुवारी तो दादाकडे गेला. दादा तिसऱ्या मजल्यावर राहायचा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. जन्मभर लोकांना वर-खाली नेलं आणि स्वतः जिने चढला, हा त्याचा जुना विनोद. आता रुग्णालयाखेरीज तो महिनोन् महिने खाली उतरत नव्हता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला. सदरा तोच, पण आतला माणूस कमी झालेला. वहिनीने पुढ्यात ठेवलेलं ताट तसंच निवलं होतं.

"खा ना रे दादा, दोन घास."

"मी नाही खात," दादा म्हणाला. "पण आत काहीतरी खातंय धाकट्या. मी इथे ताटाकडे बघत बसलोय आणि आत कुणाची तरी पंगत उठतेय. कोण वाढतंय रे त्याला?"

वहिनीने ताट उचललं. "काहीतरी अभद्र बोलायचं झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी भरवायची वेळ आली तेव्हा आचाऱ्याने नेहमीची बाटली काढली, दहा नमुन्यांना दिली, आणि अकराव्याशी हात थांबला. फ्रीजच्या दारात हिरव्या झाकणाची एक बाटली होती. दुसऱ्या कुठल्याशा प्रयोगासाठी आणलेलं सिरम, चरबीच्या गोळ्या काढून घेतलेलं. बाकी सगळं तेच, फक्त स्निग्ध असं काही नाही. त्याने ती काढली आणि एक्केचाळीसला त्यातलं दिलं. वहीत लिहिलं, नेहमीचं. आणि सही केली.

यात काही शहाणपण नव्हतं. बशीतल्या पेशी उपाशी राहिल्या म्हणून दादाच्या अंगातल्या राहणार नव्हत्या. तो प्रयोग नव्हता. सूड म्हणावा तर फारच लहान होता, चमचाभर. पण त्या दिवशी घरी जाताना त्याची चाल हलकी होती. तीन दिवसांनी त्याने तेच केलं. पुन्हा तीन दिवसांनी तेच. एकोणीस दिवस.

एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. चरबी तोडली की पेशी चरबीची दारं वाढवते. पोट रिकामं असलेला माणूस जसा साऱ्या घराची दारं उघडी टाकून रस्त्याकडे बघत बसेल, तसं. आतल्या खोलीत काम करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. म्हणूनच सगळ्यांचं अन्न एकसारखं ठेवायचं आणि वहीत नोंदवायचं. पण मोजणी गोठवलेल्या कुप्यांवर होणार होती, आणि त्या कुप्या पोटभर जेवलेल्या दिवसांतल्या होत्या. बशीतलं एक्केचाळीस हे त्याचं एकट्याचं होतं. कुणाला त्याचा उपद्रव नव्हता.

मग एक दिवस रजा टाकून तो दादाला स्कॅनला घेऊन गेला. त्याच दिवशी घाईने गोठवलेल्या कुप्या बाहेर काढल्या. वितळवताना काहीतरी बिनसलं, पेशी फुटून गेल्या. तिला आकडा हवा होता. तिने बशा ठेवायचं उबदार कपाट उघडलं, बशीतलं अर्धं एक्केचाळीस उचललं आणि मोजायला लावलं.

शुक्रवारी आचारी आला तेव्हा भिंतीवर चिकटपट्टीने आलेख लावलेला होता. दहा बुटके खांब, आणि शेवटी एक असा की त्यासाठी कागद आडवा घ्यायचा तो उभा घ्यावा लागला होता.

"सहापट!" घाई टाचांवर नाचत होती. "काका, सहापट! मॅडम म्हणतात, हेच ते. यालाच आपण दोन वर्षं शोधत होतो."

"कुठल्या पेशी घेतल्यास?"

"बशीतल्या. कुप्या गेल्या ना वाया. पण वहीत बघितलं मी, जेवण सगळ्यांचं सारखंच आहे, मग काय फरक पडतो? तुमची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"पुन्हा एकदा मोजायला हवं," तो म्हणाला.

"मोजू की. पेपरसाठी मोजूच. पण मॅडमनी डॉक्टरांना कळवलंसुद्धा. बारावी जागा रिकामी होती, आता त्या माणसाला मिळेल. सोमवारी अकरा वाजता सह्या." ती त्याच्याजवळ आली. "काका, ओळख ना देख, पण आपण कुणाला तरी वाचवलं असेल. तुम्ही जगवलंत म्हणून."

त्याने कपाट उघडून बशी बाहेर काढली. उरलेल्या गोळ्यांना नेहमीचं, चरबीचं अन्न दिलं. या वेळी मनगटावर थेंब टाकायचं राहून गेलं.

संध्याकाळी दादाच्या जिन्यावरच त्याला हसणं ऐकू आलं. वहिनीचं. ती हसते हे तो विसरून गेला होता.

"या भाऊजी, या," ती म्हणाली. "तुमच्या भावाला आज दोन बिस्किटं गेली."

"सहापट रे धाकट्या!" दादा खुर्चीत सरळ बसला होता. "डॉक्टरांचा फोन होता. म्हणे माझ्या आजाराला सहापट दारं आहेत. अरे, आपल्या घरात कुणाचं काही सहापट झालंय का कधी? मार्क तरी?"

"मार्क तर नाहीच," वहिनी म्हणाली.

"बुधवारपासून ते सलाइनमधलं औषध सुरू होणार होतं ना, ते आता नाही. चाचणीतल्या या नव्या गोळीबरोबर ते चालत नाही म्हणतात. तीन महिने फक्त गोळी. केस नाही जायचे, उलट्या नाहीत." त्याने धाकट्याचा हात पकडला. बोटं अजून पान्यासारखी कठीण होती. "तुझ्याच खात्यातलं आहे ना हे सगळं? तुला ठाऊक असेल. चांगलं आहे ना?"

"नवीन आहे अजून," आचारी म्हणाला.

"लिफ्टसुद्धा कधीतरी नवीनच होती."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं? चेहरा का असा?" त्याने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पोटात एक आणि ओठात एक हे त्याला कधी जमलं नव्हतं. शनिवारभर तो ते शिकत होता. त्याने हिशेब मांडून बघितला. गोळीने फायदा होणारच नाही असं कुठे होतं? होणार असं तरी कुठे होतं? सलाइनच्या औषधाने काही महिने मिळतात, एवढं नक्की होतं. काहींना जास्त मिळतात. ते काही महिने दादा सोडून देणार होता, एका उंच खांबाच्या भरवशावर. आणि तो खांब त्याच्या धाकट्याने चमच्याने उभा केला होता.

रविवारी सकाळी खोलीत कुणी नव्हतं. दहा नमुने भरवून झाल्यावर त्याने एक्केचाळीसमधलं थोडं काढलं. दोन दिवस पोटभर जेवलेले गोळे. मोजणीची रीत त्याने बघून बघून शिकलेली होती. पेशी फोडायच्या, आतला हुकुमांचा कागद वेगळा करायचा, यंत्रात ठेवायचा आणि थांबायचं. तो स्टुलावर बसून राहिला. यंत्र बारीक घरघरत होतं. आपल्याला काय निघायला हवंय, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. आकडा सहाच निघाला असता तर सुटका होती. दुपारी दोनला पडद्यावर आला. सव्वापट.

दारं बंद झाली होती. जेवण मिळाल्यावर कोण कशाला उघडी ठेवील?

त्याने कागद छापून घेतला आणि चारच्या सुमाराला दादाकडे गेला. वहिनी कपडे वाळत घालत होती, तिलाही त्याने आत बोलावलं. उभ्यानेच सांगितलं. डबा, नंबर, हिरवं झाकण, वही, एकोणीस दिवस, सव्वापट. सांगताना तो कागद दोघांपुढे धरून होता, जणू कागदच बोलत होता.

खाली कुणीतरी एक गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"म्हणजे तू," दादा म्हणाला, "माझ्या आजाराला उपाशी ठेवलंस."

"हो."

"का?"

"राग आला होता."

"कुणाचा?"

आचारी कागदावरचा आकडा बघत राहिला.

"बस खाली. आता मी विचारतो तेवढंच सांग. ही गोळी माझ्यावर चालणार नाही, हे नक्की आहे?"

"नक्की नाही. पण चालेल म्हणायला जे कारण होतं ते खोटं आहे."

"आणि सलाइन?"

"त्याने काही महिने. पाच. दहाही."

"कुणाला ठाऊक आहे हे?"

"मला. आता तुम्हाला."

दादा खिडकीकडे वळला. बोलला तेव्हा आवाज एकदम मऊ होता, आणि तो मऊपणा आचाऱ्याला सगळ्यांत जड गेला. "मग गप्प बस. ऐक माझं. झाकली मूठ राहू दे. उद्या मी सही करतो. दोन दिवस झाले, मला भूक लागतेय. खोट्या आकड्यावर लागतेय तर लागू दे. तुझी नोकरी राहील, ती पोरगी खूश राहील, हिला रात्री झोप लागतेय. कुणाचं काय बिघडतं?"

"तुझं."

"माझं मी बघीन!"

"अहो, पण ते सलाइन..." वहिनी म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस." दादाने धाकट्याकडे बोट केलं. "मला एक सांग. तू इथे सांगायला आलायस की विचारायला?"

येताना जिन्यावर आचाऱ्याने हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. "सांगायला," तो म्हणाला. "उद्या नऊला मॅडमना सांगणार आहे."

"मग मला कशाला आधी सांगितलंस? पुण्य लागावं म्हणून? विचारणार नव्हतास तर निदान परस्पर करायचंस. मला सोमवारी अकरापर्यंत तरी जगू द्यायचंस." दादाला धाप लागली. "अडतीस वर्षं लोकांना खोक्यात बसवून वर पाठवलं मी. दोर तपासल्याशिवाय एकाला पाठवलं नाही. आणि माझा दोर माझ्या भावाने कातरला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. जा आता."

"दादा..."

"भाऊजी, जा तुम्ही," वहिनी म्हणाली. तिने कागद त्याच्या हातून घेतला होता, पण कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

सोमवारी नऊला मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मधे फक्त एकदा चष्मा काढला. घाई दाराशी उभी होती.

"काका, चूक झाली असती तर मी समजू शकले असते," मॅडम म्हणाल्या.

"चूकच आहे."

"नाही. चूक वहीत दिसते. तुम्ही वहीत खोटं लिहिलंत. आता सव्वीस वर्षांच्या वह्या माझ्यापुढे आहेत, आणि त्यांतलं कुठलं पान मी डोळे मिटून मानू?"

"बाकीची खरी आहेत."

"हे सांगणारे तुम्हीच," मॅडम म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग त्यांनी फोन उचलला. "डॉक्टर, बारावी सही थांबवा."

घाई रडली नाही, भांडलीही नाही. भिंतीजवळ गेली आणि आलेख सोडवू लागली. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडा निघून आला. "माझं सोडा," ती म्हणाली. "पण तो माणूस... मी म्हटलं होतं, ओळख ना देख. तुम्ही तेव्हा समोर उभे होतात, काका. तेव्हाच का नाही बोललात?"

त्या दुपारी आचाऱ्याची बदली सामानाच्या कोठारात झाली. निवृत्तीला दीड वर्ष होतं. काढून टाकलं नाही, हे मॅडमचं मोठेपण, असं बायको म्हणाली. आचाऱ्याला मोठेपण नको होतं, काम हवं होतं. कोठारात हातमोज्यांचे खोके, नळ्यांचे गठ्ठे. त्यांतल्या कशालाच भूक नव्हती. पहिल्या रविवारी तो सवयीने कपडे घालून दारापर्यंत गेला आणि परत येऊन खुर्चीत बसला. बायको नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडून तशीच थांबली.

दादाचं सलाइन ठरल्याप्रमाणे बुधवारी सुरू झालं. धाकट्याने येऊ नये, असा निरोप वहिनीने फोनवर दिला, स्वतःचे दोन शब्द न घालता. पहिल्यानंतर दादाला उलट्या झाल्या. दुसऱ्यानंतर केस गेले. दादाला कधी बरं वाटतंय, कधी नाही, हे सगळं तिच्याकडूनच कळायचं, तेही त्याने विचारलं तर. बातमी द्यायची आणि फोन ठेवायचा. एकदा मात्र तिने ठेवला नाही. "तुम्ही सांगितलंत ते चुकलं असं मी म्हणत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "पण ते दोन दिवस मला पुन्हा नाही मिळायचे."

सहा आठवडे झाले. तिसऱ्या सलाइनच्या सकाळी ती म्हणाली, "बोलावलंय तुम्हाला. काही आणू नका म्हणालेत."

लांबट खोलीत आठ खुर्च्या होत्या, आठही भरलेल्या. दादाचं डोकं उघडं होतं. केसांशिवाय तो त्यांच्या वडिलांसारखा दिसत होता, हे आचाऱ्याला पहिल्यांदाच दिसलं. वहिनी उठून त्याला स्टूल देऊन बाहेर गेली. नळी अजून जोडायची होती. हातात सुई मात्र घातलेली होती.

"बस," दादा म्हणाला. "राग गेलेला नाही माझा."

"ठाऊक आहे."

"रक्तात या आजाराचा जो आकडा मोजतात, तो थोडा उतरलाय म्हणे. थोडाच. फार नाचू नकोस."

"नाही नाचत."

थोड्या वेळाने दादाने विचारलं, "तो एक्केचाळीस. त्याचं काय केलंत?"

"मॅडमनी नष्ट करायला सांगितलं. वही खोटी, म्हणून नमुना निकामी."

"कुणी केलं?"

"मीच. कोठारात जायच्या आधी."

"कसं?"

"ब्लीच ओतायचं. दहा मिनिटं ठेवायचं. पण पहिल्या मिनिटातच संपतं सगळं."

दादा स्वतःच्या पोटाकडे बघत राहिला. "एका मिनिटात," तो म्हणाला. "आणि मरताना उपाशी होतं का?"

"नाही. शुक्रवारपासून नीट जेवत होतं."

दादाने मान हलवली. त्या मान हलवण्यात काय होतं ते आचाऱ्याला वाचता आलं नाही. मग परिचारिका आली, तिने औषधाची पिशवी खांबावर अडकवली आणि ती नळीचा चिमटा उघडायला वाकली.

"थांबा," दादा म्हणाला. त्याने धाकट्याकडे बघितलं, त्या रविवारनंतर पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. "उठ. त्या पिशवीवर काय लिहिलंय ते वाच. मोठ्याने."

परिचारिका वैतागली. "आम्ही तपासलंय, आजोबा."

"तुम्ही तपासलंय हो. त्याला वाचू दे."

आचारी उठला. चष्मा पुसला. चिठ्ठीवरचं दादाचं पूर्ण नाव त्याने वाचलं, वडिलांच्या नावासकट. वय वाचलं. औषधाचं नाव एक-एक अक्षर सुटं करून वाचलं. मात्रा वाचली, आजची तारीख वाचली, खालच्या दोन्ही सह्या कुणाच्या आहेत तेही वाचलं. शेजारच्या खुर्चीतला माणूस वर्तमानपत्र खाली करून ऐकत होता.

"लिहिलंय तेच वाचलंस?"

"लिहिलंय तेच."

दादाने डोळे मिटून घेतले आणि सुईचा हात खुर्चीच्या दांड्यावर सरळ ठेवला.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.